जाळीतले आकडे आणि शेजाऱ्याची अट: मांडण्या कशा मोजायच्या

एक चौकोनी जाळी आहे. प्रत्येक घरात एक आकडा भरायचा आहे, पण शेजारच्या घरांसाठी अट आहे. दोन १ लागून येऊ नयेत, किंवा शेजारचे आकडे सारखे नसावेत, किंवा त्यांच्यातला फरक १ पेक्षा जास्त नसावा. अशा एकूण मांडण्या किती? प्रश्न शाळकरी मुलालाही कळतो. सोडवायला बसलं की मात्र पाठ केलेली पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनची सूत्रं हात टेकतात. एका घरात काय भरलं यावर शेजारचं घर अडतं, त्यावर पुढचं, आणि सरळ गुणाकार कुठेच लागू पडत नाही.

मी या प्रश्नांत बराच काळ रमलो आहे. नवखा माणूस कुठे अडतो ते आता ओळखीचं झालंय. बहुतेक जण पहिल्या दिवसापासून सूत्र शोधत बसतात. त्याऐवजी एकच गोष्ट स्वतःला विचारत राहा: पुढचं घर भरताना मागचं नेमकं काय लक्षात असायला हवं? याचं उत्तर मिळालं की मोजणी जवळपास आपोआप होते. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती फिरतात.

काय काय लागेल

- चौकटींची वही, पेन्सिल आणि खोडरबर. हे खरंच लागतं, पायरी १, २ आणि ४ कागदावरच होतात.
- एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा. पायथन सोयीची, कारण तिच्यात पूर्णांक कितीही मोठा झाला तरी कापला जात नाही.
- स्प्रेडशीट, अरुंद जाळ्यांसाठी. प्रोग्रॅम लिहिता येत नसेल तर यावरही बरंच काम निघतं.
- पूर्णांकांच्या श्रेणींचा ऑनलाइन कोश, ओ.ई.आय.एस. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये श्रेणी जमवायला सुरुवात केली आणि १९९६ पासून हा संग्रह इंटरनेटवर आहे.

मॅट्रिक्सचं गणित येत असेल तर छान. येत नसेल तरी अडत नाही, बेरीज आली म्हणजे झालं.

पायरी १: प्रश्न पुरता लिहून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. दोघं जण एकच प्रश्न सोडवतोय असं समजतात, उत्तरं वेगळी येतात, आणि शेवटी कळतं की दोघांचे प्रश्नच वेगळे होते. म्हणून आधी या पाच गोष्टी कागदावर लिहा:

- कोणते आकडे चालतात? ०-१, ०-१-२, की १ पासून घरांच्या संख्येपर्यंत?
- एकच आकडा अनेकदा चालतो, की प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा?
- शेजारी म्हणजे कोण? वर-खाली-डावी-उजवीकडची चार घरं, की तिरपी धरून आठ?
- जाळीच्या कडा मोकळ्या आहेत, की उजवी कड डावीला जोडलेली आहे?
- फिरवून किंवा उलटवून सारख्या दिसणाऱ्या मांडण्या एकच धरायच्या, की वेगवेगळ्या?

खाली मी मुख्य उदाहरण असं घेतलंय: आकडे ० आणि १, कितीही वेळा चालतील, शेजारी चार, कडा मोकळ्या, फिरवलेली मांडणी वेगळी. अट एवढीच की दोन १ शेजारी येऊ नयेत.

पायरी २: लहान जाळ्या हाताने

एकच ओळ घ्या. एक घर: २ मांडण्या. दोन घरं: ००, ०१, १० अशा ३. तीन घरं: ५. चार घरं: ८. पुढे १३, २१, ३४. श्रेणी ओळखीची वाटली असेल: प्रत्येक आकडा म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज, फिबोनाचीची श्रेणी. ओळीच्या शेवटी एक जादा ० लिहा आणि ओळीचे ‘०’ आणि ‘१०’ असे तुकडे पाडा. अट पाळलेल्या प्रत्येक ओळीचे असे तुकडे एकाच प्रकारे पडतात. ‘०’ म्हणजे एक मात्रेचा लघु आणि ‘१०’ म्हणजे दोन मात्रांचा गुरू असं धरलं, की हा छंदशास्त्रातला जुना प्रश्न होतो: इतक्या मात्रांची वृत्तं किती? विरहांक, गोपाल आणि बाराव्या शतकातले हेमचंद्र यांनी तो याच बेरजेने सोडवला होता. म्हणजे चार घरांची ओळ आणि पाच मात्रांचं वृत्त, दोन्हीकडे ८.

आता २×२. एकही १ नाही: १ मांडणी. एक १: ४. दोन १ फक्त समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसतात: २. एकूण ७. हा ७ जपून ठेवा, पुढे दोनदा लागेल.

३×३ सुद्धा हाताने करून बघा. उत्तर ६३. पहिल्याच झटक्यात ६३ येणं अवघड आहे, आणि तो अनुभव घेण्यासारखा आहे. पद्धत का लागते ते त्यातून पटतं.

पायरी ३: सगळ्या शक्यता तपासणारा प्रोग्रॅम

जाळीच्या सगळ्या भरण्या एकेक करून तपासायच्या आणि अट पाळणाऱ्या मोजायच्या. ३×३ साठी ५१२ भरण्या, ४×४ साठी ६५,५३६, ५×५ साठी ३,३५,५४,४३२. इथपर्यंत साधा प्रोग्रॅम चालतो. ६×६ ला आकडा ६८,७१,९४,७६,७३६ होतो आणि वाट बघण्यात अर्थ उरत नाही.

तरीही हा प्रोग्रॅम लिहाच, आणि पुढची हुशार पद्धत सुचायच्या आधी लिहा. तो इतका सरळ असतो की त्यात चूक लपत नाही. नंतरचं सगळं आपण याच्यावर घासून बघणार आहोत.

पायरी ४: एकेक स्तंभ घेत पुढे चला

हा या लेखाचा गाभा आहे. घाई करू नका, वही घेऊनच वाचा.

जाळी तीन ओळींची आहे आणि आपण ती डावीकडून उजवीकडे एकेक स्तंभ करत भरतोय असं समजा. नवा स्तंभ भरताना त्याच्या आधीचा स्तंभ कसा आहे एवढंच महत्त्वाचं. त्याच्याही मागचे स्तंभ नव्या स्तंभाला शिवत नाहीत. म्हणजे लक्षात ठेवायचं ते फक्त शेवटच्या स्तंभाचं रूप. याला आपण अवस्था म्हणू.

तीन घरांच्या स्तंभाच्या वैध अवस्था पाच: ०००, ००१, ०१०, १००, १०१. प्रत्येकीच्या आधी कोण येऊ शकतं ते लिहून ठेवा:

- ००० च्या आधी: पाचही
- ००१ च्या आधी: ०००, ०१०, १००
- ०१० च्या आधी: ०००, ००१, १००, १०१
- १०० च्या आधी: ०००, ००१, ०१०
- १०१ च्या आधी: ०००, ०१०

आता मोजणी. एक स्तंभ असेल तर प्रत्येक अवस्थेत संपणारी १ मांडणी, एकूण ५.

दोन स्तंभ: वरच्या यादीप्रमाणे आधीचे आकडे मिळवायचे. त्याच क्रमाने ५, ३, ४, ३, २ येतात. बेरीज १७.

तीन स्तंभ: ००० ला मागचे सगळे, म्हणजे १७. ००१ ला ५+४+३ = १२. ०१० ला ५+३+३+२ = १३. १०० ला ५+३+४ = १२. १०१ ला ५+४ = ९. बेरीज ६३. पायरी २ मध्ये ज्याने दमवलं तो आकडा इथे पाच छोट्या बेरजांत आला.

चौथ्या स्तंभाला ६३, ४२, ५०, ४२, ३०, एकूण २२७. पाचव्याला ८२७. स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने करून सूत्र खाली ओढलंत तर शंभर स्तंभांपर्यंत जाता येतं, मात्र स्प्रेडशीट साधारण पंधरा अंकांनंतरचे अंक शून्य करून टाकते. त्यापुढचं अचूक उत्तर हवं असेल तर पायथन.

इथला नेहमीचा सापळा: स्तंभाच्या आतली अट आणि दोन स्तंभांमधली अट या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. ०११ सारखी अवस्था यादीत घुसली तर पुढचं सगळं फुगत जातं, आणि आकडे दिसायला ठीकच वाटतात. दुसरा सापळा अटीच्या लांबीचा. ‘लागून तीन आकडे सारखे नकोत’ अशी अट असेल तर एक स्तंभ पुरत नाही, मागचे दोन लक्षात ठेवावे लागतात. अट जितकी मागे बघते, तितकी अवस्था लांब.

पायरी ५: मागच्या उत्तरांवरून पुढचं उत्तर

वरच्या आकड्यांत ००१ आणि १०० कायम बरोबरीने चालले आहेत: ३-३, १२-१२, ४२-४२. स्तंभ उलटा केला की एक दुसऱ्यात जातो, त्यामुळे असं होणारच. दोन्ही एकत्र धरले तर अवस्था चारच उरतात. अवस्था चार असतील तर पुढचं एकूण उत्तर मागच्या जास्तीत जास्त चार उत्तरांतून काढता येतं. तीन ओळींसाठी ते असं आहे: मागच्या उत्तराची दुप्पट, अधिक त्यामागच्याची सहापट, वजा चार पावलं मागचं उत्तर. ८२७ साठी २×२२७ + ६×६३ − ५. पुढचं २×८२७ + ६×२२७ − १७ = २,९९९.

दोन ओळींचं याहून सोपं: ३, ७, १७, ४१, ९९, म्हणजे मागच्याची दुप्पट अधिक त्यामागचं.

असा संबंध नुसत्या आकड्यांवरून अंदाजाने बसवताना जपा. चार गुणक अज्ञात असतील तर ते ठरवायलाच आठ पदं जातात, आणि अंदाज खरा आहे का हे बघायला त्यापुढची पदं लागतात. पाच-सहा पदांवर बसवलेला नियम कशालाही बसतो. वर्तुळावर बिंदू घेऊन ते सगळे जोडले की जास्तीत जास्त भाग १, २, ४, ८, १६ असे पडतात, आणि सहाव्या बिंदूला ३२ ऐवजी ३१. आपल्याकडे अवस्थांची संख्या माहीत असते, त्यामुळे संबंध किती लांब असू शकतो हे आधीच सांगता येतं. हा फायदा सोडू नका.

पायरी ६: जाळी रुंद झाली तर घर-घर भरा

दहा घरांच्या स्तंभाला १४४ अवस्था असतात, वीस घरांच्या स्तंभाला १७,७११. कोणाच्या आधी कोण चालतं हे सगळ्या जोड्या घेऊन तपासायला गेलात तर एकतीस कोटींहून जास्त तपासण्या होतात. त्यातल्या चालणाऱ्या जोड्या किती? तेवढ्याच, जेवढ्या २×२० जाळीच्या मांडण्या: ५,४६,०८,३९३. जोडी म्हणजे दोन स्तंभांची जाळीच की! तीन ओळींच्या यादीतही पाहा, नोंदी बरोबर १७ आहेत.

यावर उपाय म्हणजे पूर्ण स्तंभ एकदम न भरता एकेक घर भरणं. अवस्थेत वरची काही घरं नव्या स्तंभातली आणि खालची काही जुन्या स्तंभातली. नव्या घरात ० किंवा १ एवढीच निवड, आणि बघायची दोनच घरं, वरचं आणि डावीकडचं. वीस घरांच्या स्तंभात कोणत्याही क्षणी अवस्था २१,८९२ च्या वर जात नाहीत, म्हणून अख्खा स्तंभ नऊ लाखांच्या आत पावलांत भरून होतो.

इथे एक सापळा फार जणांना पकडतो. नव्या भागातलं शेवटचं घर आणि जुन्या भागातलं पहिलं घर अवस्थेत लागून लिहिलेले असतात, पण जाळीत ते एकमेकांचे शेजारी नाहीत, तिरपे आहेत. त्या दोघांत १-१ चालतं. सवयीने ते खोडलंत तर उत्तर कमी येईल. (आठ शेजाऱ्यांची अट असेल तर चित्र बदलतं. तेव्हा एक जादा घर लक्षात ठेवावं लागतं.)

पायरी ७: आकडे आणि अट बदलून बघा

पद्धत तीच, यादी नवी. आकडे ०, १, २ आणि शेजारचे सारखे नकोत, हा जाळी तीन रंगांत रंगवण्याचा प्रश्न. २×२ साठी कोणी ३×२×२×२ = २४ म्हणतं, कोणी १२. दोन्ही चूक. पहिली तीन घरं १२ प्रकारे भरतात. चौथ्या घराचे दोन शेजारी त्यातल्या ६ वेळा सारखे असतात, तेव्हा दोन पर्याय. उरलेल्या ६ वेळा वेगळे असतात, तेव्हा एकच. १२ + ६ = १८. ३×३ ला २४६ आणि ४×४ ला ७,८१२ येतात, तुमचा प्रोग्रॅम यावर तपासा.

फरक १ पेक्षा जास्त नको ही अट घेतली, तर ०-१-२ आकड्यांच्या एका ओळीसाठी ३, ७, १७, ४१ येतात. हे तर दोन ओळींच्या ०-१ जाळीचेच आकडे! योगायोग नाही हा. दोन ओळींच्या जाळीत प्रत्येक स्तंभ रिकामा, वर १, किंवा खाली १ असा असतो. रिकाम्याला १ लिहा. विषम क्रमांकाच्या स्तंभात वरच्याला ० आणि खालच्याला २ लिहा, सम क्रमांकाच्या स्तंभात उलट. आधी बंदी होती ‘वर-वर’ आणि ‘खाली-खाली’ यांना, ती आता बरोबर ०-२ आणि २-० यांच्यावर येते. दोन प्रश्नांची उत्तरं जुळली की असा पूल शोधायचा प्रयत्न नक्की करा. या विषयातला सगळ्यात मोठा आनंद मला त्यात वाटतो.

याच अटीची २×२ जाळी हाताने करा: ३५ यायला हवेत.

मोठ्या जाळीत प्रत्येक घरामागे मांडण्या किती पटीने वाढतात, याचं उत्तर काही अटींना सुबक मिळतं. तीन रंगांसाठी ते ४/३ चा दीड घात, म्हणजे सुमारे १.५३९६. एलियट लीब यांनी १९६७ मध्ये बर्फाच्या रेणूंच्या रचनेसाठी काढलेलं हेच उत्तर आहे. षट्कोनी कणांच्या, म्हणजे त्रिकोणी जाळीवरच्या ‘दोन १ शेजारी नकोत’ या प्रश्नाचं उत्तर रॉडनी बॅक्स्टर यांनी १९८० मध्ये काढलं. आपल्या साध्या चौकोनी जाळीसाठी मात्र १.५०३०४८०८… असे अंक मिळतात, बंदिस्त सूत्र (मोजक्या क्रियांत नेमकं उत्तर देणारं) अजून माहीत नाही. तेव्हा सूत्र सापडलं नाही म्हणून आपण कमी पडलो असं मुळीच समजू नका.

पायरी ८: फिरवून सारख्या मांडण्या

भागाकाराचा मोह टाळा. २×२ च्या ७ मांडण्यांना ४ ने भागलं तर पावणेदोन येतात, आणि मांडण्या काही पावणेदोन नसतात. प्रत्येक फिरवणीत जशीच्या तशी राहणाऱ्या मांडण्या मोजा आणि त्यांची सरासरी घ्या. न फिरवता ७, पाव फेरीत १, अर्ध्या फेरीत ३, पाऊण फेरीत १. बेरीज १२, भागिले ४, उत्तर ३. हे बर्नसाइडच्या नावाने ओळखलं जाणारं तंत्र आहे.

कडा जोडलेल्या असतील तर पहिला स्तंभही शेवटपर्यंत लक्षात ठेवावा लागतो. गोलाकार ओळीसाठी दोन घरांपासून ३, ४, ७, ११ येतात. चार घरांचं वर्तुळ आणि २×२ जाळी एकच, म्हणून पुन्हा ७.

पायरी ९: उत्तर तपासा, मगच विश्वास ठेवा

- ३×४ आणि ४×३ ची उत्तरं सारखी आलीच पाहिजेत. आडवी-उभी अट एकच असेल तर ही सगळ्यात स्वस्त आणि कडक तपासणी आहे.
- पायरी ३ च्या प्रोग्रॅमशी ५×५ पर्यंत ताडून बघा. आपल्या मुख्य उदाहरणाची चौरस जाळ्यांची उत्तरं: २, ७, ६३, १,२३४, ५५,४४७, ५५,९८,८६१.
- ७×७ चं उत्तर १,२८,०१,२८,९५० आहे. ते ३२ बिटांच्या पूर्णांकात मावतं, त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. ८×८ चं ६,६०,६४,७९,६२,९५५ मावत नाही. अशा वेळी पायथन सोडून बऱ्याच भाषांत प्रोग्रॅम तक्रार न करता भलताच आकडा छापतो. ११×११ ला ६४ बिटही अपुरे पडतात.
- मग श्रेणी स्वल्पविराम देत ओ.ई.आय.एस. मध्ये टाका. चौरस जाळ्यांची नाही सापडली तर दोन ओळींची, तीन ओळींची टाकून बघा. ३, ७, १७, ४१ इतक्याच पदांवर अनेक श्रेणी जुळतात, म्हणून निदान सात-आठ पदं द्या आणि नोंदीतली व्याख्या वाचा.

पायरी १०: प्रत्येक आकडा एकदाच असेल तर

१ ते ९ हे आकडे ३×३ मध्ये एकेकदाच भरायचे, आणि लागोपाठचे आकडे (४-५, ७-८) शेजारी नकोत. इथे पायरी ४ ची गाडी अडते. पुढचा स्तंभ भरताना आतापर्यंत कोणते आकडे खर्ची पडले हेही लक्षात हवं, आणि अवस्था हाताबाहेर जातात.

अशा वेळी दिशा बदला. स्तंभांच्या क्रमाने जाण्याऐवजी आकड्यांच्या क्रमाने जा. १ कुठे ठेवला, मग २ कुठे, मग ३. पुढचा आकडा ठेवताना दोनच गोष्टी लागतात: कोणती घरं भरली आहेत आणि शेवटचा आकडा कुठे आहे. ३×३ साठी अशा अवस्था जास्तीत जास्त ५१२×९ = ४,६०८. ४×४ साठी १०,४८,५७६.

सुरुवात इथेही लहान करा. २×२ चं उत्तर ० आहे: २ ला १ च्याही समोरचा कोपरा हवा आणि ३ च्याही, पण समोरचा कोपरा एकच. एका ओळीत एक घरापासून पुढे १, ०, ०, २, १४, ९० अशी उत्तरं येतात. चार घरांचे ते दोन म्हणजे २४१३ आणि ३१४२.

अट ‘ओळीत आणि स्तंभात आकडे चढते हवेत’ अशी असेल तर शेवटचा आकडा कुठे आहे हेही लागत नाही, फक्त भरलेल्या भागाचा आकार पुरतो. ३×३ ला ४२, ४×४ ला २४,०२४. या प्रकाराला फ्रेम, रॉबिन्सन आणि थ्रॉल यांचं १९५४ चं सूत्रही आहे.

५×५ ला लागोपाठच्या आकड्यांची अट घेतली की अवस्था वरकरणी त्र्याऐंशी कोटींच्या पुढे जातात आणि मेमरी संपते. त्या सगळ्या एकदम ठेवू नका. बारा घरं भरलेल्या अवस्थांवरून तेरा भरलेल्या निघाल्या की बाराच्या पुसून टाका. सगळ्यात मोठा थर तेरा घरांचा, ६,७६,०३,९०० अवस्थांचा, आणि तो पेलण्यासारखा आहे. उत्तर आलं की चार कोपऱ्यांपैकी प्रत्येकात १ ठेवून सुरू होणाऱ्या मांडण्या वेगवेगळ्या मोजा. चारही आकडे तंतोतंत सारखे यायला हवेत. एकाचाही फरक असेल, तर शेजाऱ्यांच्या यादीत कडेचं एखादं घर चुकलंय.